पदवी, नोंदवही आणि अधिकार : वैद्यक शिकण्याच्या दोन वाटांचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहिला तर बारावीच्या निकालानंतरचा आहे. मुलीला नीटमध्ये अमुक गुण पडले, एमबीबीएसला जागा मिळेल न मिळेल, बीएएमएसला मात्र मिळते आहे, तर काय करावे? पनवेलच्या घराघरांतून दर वर्षी ही चर्चा होते. आपल्या महापालिकेच्या हद्दीतच बघा. कामोठ्याला एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, खारघरला येरळा मेडिकल ट्रस्टचे आयुर्वेद महाविद्यालय आहे. दोन्हींत फार तर काही किलोमीटरचे अंतर. प्रवेशाची परीक्षा एकच. अभ्यासाचा काळही सारखा, साडेचार वर्षे आणि वर, वर्षभराची इंटर्नशिप. बाहेर पडल्यावर दोघांच्याही नावामागे लोक 'डॉक्टर' लावतात. मग फरक नेमका कुठे आहे?

असाच प्रश्न अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतून वेगळ्या शब्दांत येतो. तिथे नातवाला दोन प्रकारच्या मेडिकल स्कूलमधून निवड करायची असते. एकाची पदवी एमडी, दुसऱ्याची डीओ. डीओ म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. इथले आजोबा फोनवर ऐकतात आणि विचारतात, 'म्हणजे आपल्या आयुर्वेदासारखे काही का? की हाडवैद्य?' आजोबांचा प्रश्न आपण हसण्यावारी नेणार नाही. तो इतिहासाचा फार चांगला प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला पनवेलपासून मिसुरीपर्यंत जावे लागेल, आणि परतही यावे लागेल.

सुरुवातीलाच एक शब्द नीट करून घेऊ. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत चार गोष्टी आधी सांगायची पद्धत होती : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. अधिकारी म्हणजे हा ग्रंथ शिकायला पात्र कोण. आज 'अधिकार' म्हटले की आपल्याला हक्क आठवतो, कायदा आठवतो, सही-शिक्का आठवतो. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले : पात्रता आणि हक्क. वैद्यकाच्या शिक्षणाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन अर्थांची ताटातूट कशी झाली, आणि कुठे ते पुन्हा जुळले, याचा इतिहास आहे. आजचे आपले म्हणणे एवढेच.

गंमत अशी, की ही सांगड सुश्रुताला चांगली ठाऊक होती. वैद्याने व्यवसायाला बाहेर पडावे कधी, याचा क्रमच त्याने लावून दिला. आधी ग्रंथ शिकावा, मग त्याचा अर्थ उमजून घ्यावा, मग दुसऱ्याचे काम डोळ्यांनी पाहावे, मग स्वतःच्या हाताने सराव करावा. सरावासाठी भोपळा, कलिंगड, काकडी चालते. आणि हे सगळे झाल्यावर राजाची परवानगी घ्यावी. म्हणजे परवाना हवा, हे त्यालाही मान्य आहे. पण परवान्याची जागा शेवटी आहे, सरावानंतर. हा क्रम लक्षात ठेवा.

आता 'ॲलोपॅथी' या शब्दाकडे वळू. हा शब्द त्या पद्धतीच्या डॉक्टरांनी स्वतःला दिलेला नाही. होमिओपॅथीचे जनक जर्मन डॉक्टर हानेमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या विरोधकांना दिलेले ते नाव आहे. आमची समचिकित्सा आणि त्यांची विषमचिकित्सा, अशा अर्थाने. त्यात कौतुक नव्हते. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तिथे कुणी 'आम्ही ॲलोपॅथी शिकवतो' असे म्हटले नसते. लोकही 'डॉक्टरी' आणि 'वैद्यकी' असे दोन शब्द वापरत. पण भारतात हा शब्द रुजला, कारण दुसऱ्या बाजूलाही एक संघटित बाजू उभी राहिली. प्रतिपक्ष असल्याशिवाय पक्षाला नाव लागत नाही.

सुरुवातीला मात्र पक्ष-प्रतिपक्ष इतके ठाशीव नव्हते. पेशवाई गेल्यावर पुण्याला विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिथे न्याय-व्याकरणाबरोबर वैद्यकही शिकवले जात होते. मुंबईत १८२६ साली डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एक वैद्यकीय शाळा निघाली आणि तिथे इंग्रजी वैद्यक देशी भाषांतून शिकवण्याचा प्रयत्न झाला. सहा वर्षांत, १८३२ मध्ये, ती बंद पडली. पुढे ग्रँट कॉलेज आले ते इंग्रजी माध्यम घेऊनच. इथे पहिली फट पडली, आणि ती औषधाची नव्हती, भाषेची होती. ज्याला इंग्रजी येते तो डॉक्टरीकडे, ज्याला संस्कृत येते तो वैद्यकीकडे. पोराने कुठली शाळा पाहिली, यावर त्याचे वैद्यक ठरू लागले.

तरीही पहिल्या पिढीने दोन्ही घरांत येणेजाणे ठेवले होते. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर. तेच भाऊ दाजी जुनी संस्कृत हस्तलिखिते गोळा करत होते, त्यांतल्या औषधी पडताळून पाहत होते, कुष्ठरोगावर वनस्पतीचा उपाय शोधत होते. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे हेही पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले. त्यांनी वाग्भटाचे अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह संपादित केले आणि निर्णयसागर छापखान्याने ते १८८० साली छापले. कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ साली एमडी झाल्या; त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. अमेरिकेतल्या कॉलेजात बसून ही मुलगी आपल्या जुन्या वैद्यकाबद्दल लिहीत होती आणि परीक्षकांनी ते मान्य केले. या लोकांना 'तुम्ही कुठल्या पॅथीचे?' असे विचारले असते, तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

आता पनवेल. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला घाटाचा रस्ता. बोटीने आलेला माल इथून बैलांवर चढायचा. अशा गावात १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वराच्या नावाने आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. राजापूरजवळच्या धोपेश्वरचा हा देव, पण त्याचे नाव महाराष्ट्रभर पोचले ते पनवेलच्या बाटल्यांवरून आणि डब्यांवरून. ही घटना आपल्याला गावचा अभिमान म्हणून ठाऊक असते. तिचा वैद्यकशिक्षणाशी काय संबंध, हे मात्र आपण सहसा बघत नाही.

संबंध असा. जुना वैद्य आपले औषध आपणच करायचा. शिष्य गुरूच्या घरी राहायचा, वनस्पती ओळखायचा, कुटायचा, गाळायचा, भस्माला पुटे द्यायचा. औषध करणे हाच अभ्यासक्रम होता. औषध कारखान्यातून तयार मिळू लागले, तेव्हा वैद्याची मोठी सोय झाली. लांबच्या गावातल्या वैद्यालाही एकसारखे औषध मिळू लागले. पण त्याबरोबर गुरूच्या घरातली ती शाळाही थोडी ओस पडली. मग शिष्याने शिकायचे कुठे? आणि तो शिकला आहे, हे सांगायचे कुणी? कारखाना आला की पाठोपाठ महाविद्यालयाची गरज येते, ती अशी.

ही गरज बोलून दाखवली शंकर दाजीशास्त्री पदे यांनी. त्यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिकला अखिल भारतीय वैद्य संमेलन भरले. आणि दुसरे संमेलन कुठे? आपल्या पनवेलला, १९०८ मध्ये. देशभरातल्या वैद्यांच्या संघटनेचे दुसरेच अधिवेशन मुंबई-पुणे सोडून पनवेलला भरते, याचे कारण उघड आहे. इथे कारखान्याच्या निमित्ताने वैद्यांचे एक केंद्र तयार झाले होते. पदे दुसऱ्याच वर्षी वारले. पण चळवळीने मार्ग ठरवला होता : पाठ्यक्रम लावायचा, परीक्षा घ्यायची, विशारद-आचार्य अशा पदव्या द्यायच्या. थोडक्यात, डॉक्टरांच्या कॉलेजाच्या साच्यात वैद्यकी घालायची. हा निर्णय काही लहान नव्हता. परंपरा राखायची तर तिचे स्वरूप बदलावे लागते, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

घाई करायलाही कारण होते. १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये १८५८ पासून डॉक्टरांची अधिकृत नोंदवही होती, तीच पद्धत इथे आली. कायद्याने वैद्याला व्यवसायबंदी केली नाही. ते करणे सरकारला शक्यही नव्हते. खेड्यापाड्यांत डॉक्टर होतेच कुठे? पण सरकारी दवाखान्यातली नोकरी, कायद्याने ग्राह्य दाखला, हे सगळे ज्याचे नाव वहीत आहे त्यालाच. शिवाय वहीतल्या डॉक्टरने वहीबाहेरच्या माणसाबरोबर व्यवसायात भागी करणे हा शिस्तभंग ठरू लागला. म्हणजे भाऊ दाजींनी आणि कुंट्यांनी जे सहज केले, त्यातले बरेचसे आता पंचाईतीचे झाले. भाषेने फट पाडली होती, नोंदवहीने भिंत घातली.

भिंतीपलीकडच्यांनी आपले घर बांधायला घेतले. गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली अहमदनगरला आयुर्वेद महाविद्यालय काढले. पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ साली उभे राहिले. वरळीचे पोदार महाविद्यालय १९४१ चे. आणि मधे १९३८ साली मुंबई प्रांताने देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांसाठी स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारा देशातला हा पहिला प्रांत. त्यात पदवीधर वैद्यांची 'नोंद' झाली आणि पदवी नसलेल्या, पण व्यवसाय करत असलेल्या वैद्यांची 'यादी' झाली. आता दोन नोंदवह्या झाल्या. लक्षात घ्या, एकाच वहीत दोघांची नावे घालणे हा एक मार्ग होता. आपण दुसरी वही उघडली. पुढचे पाऊणशे वर्षांचे बरेच भांडण या दुसऱ्या वहीतून निघाले आहे.

इथे आपण थोडा वेळ अमेरिकेत जाऊ, कारण तिथे हेच भांडण वेगळ्या रीतीने सुटले.

अँड्र्यू टेलर स्टिल हे सीमाप्रांतातले डॉक्टर, जन्म १८२८ चा. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुले गेली. त्या काळची डॉक्टरी म्हणजे पारा, अफू, दारू आणि रक्त काढणे. औषधांनी मुले वाचली नाहीत आणि स्टिल यांचा त्या औषधांवरचा विश्वास उडाला. १८७४ साली त्यांनी नवा विचार जाहीर केला : शरीर स्वतःला दुरुस्त करते, हाडे-स्नायूंची रचना बिघडली की रक्ताभिसरण अडते आणि रोग होतो, वैद्याने हाताने ती रचना सरळ करावी. बेकर विद्यापीठात त्यांना हे शिकवायचे होते; विद्यापीठाने दार लावून घेतले. पनवेलचा कारखाना निघाला त्यानंतर दोन वर्षांनी हे घडत होते, हे सहज सांगतो. दोन्हीकडे काळ एकच, अस्वस्थताही एका जातीची : प्रस्थापित औषध आपले नाही, किंवा आपल्या उपयोगाचे नाही.

स्टिल यांनी १८९२ साली मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या छोट्या गावात शाळा काढली. पहिल्या वर्गापासून तिथे मुली होत्या. डॉक्टरांच्या संघटनेने यांना भोंदू ठरवले. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा प्रसिद्ध अहवाल आला. त्यांनी अमेरिका-कॅनडातल्या दीडशेहून अधिक वैद्यकीय शाळा तपासल्या, ऑस्टिओपॅथीच्या आठही त्यांत आल्या, आणि बहुतेकांवर कोरडे ओढले. प्रयोगशाळा नाही, रुग्णालय नाही, प्रवेशाला पात्रता नाही. या अहवालानंतरच्या काळात होमिओपॅथीच्या आणि इतर पंथांच्या शाळा एकामागून एक संपल्या. ऑस्टिओपॅथी टिकली. का टिकली?

तिने आपले नाव राखले आणि अभ्यासक्रम बदलला. स्टिल यांना औषधे नको होती. त्यांच्या अनुयायांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औषधशास्त्र अभ्यासक्रमात घेतले. शस्त्रक्रिया घेतली, स्वतःची रुग्णालये बांधली, प्रवेशाच्या अटी वाढवल्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलाने डीओ डॉक्टरांना घेतले नाही. एमडी आघाडीवर गेले आणि गावातले रुग्ण मागे राहिलेल्या डीओंकडे गेले. लोकांना अनुभव आला, की हाही डॉक्टरच आहे. १९६६ पासून सैन्याने त्यांना घेतले. १९७३ पर्यंत सगळ्या राज्यांत त्यांना पूर्ण वैद्यकीय परवाना मिळू लागला. २०२० पासून एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सीला एकाच संस्थेची मान्यता लागते. आज अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी साधारण चारांत एक डीओच्या शाळेत असतो.

तेव्हा आजोबांना उत्तर असे द्यावे : अमेरिकेतला डीओ हा हाडवैद्य नव्हे, तो पूर्ण डॉक्टर आहे. त्याने एमडीइतकेच शिकून वर हाताने करायच्या उपचारांचा जादा अभ्यास केलेला असतो. मात्र इंग्लंडमध्ये 'ऑस्टिओपॅथ' म्हणजे डॉक्टर नव्हे. तिथे त्याचा स्वतंत्र कायदा १९९३ चा आहे आणि तो हाताने उपचार करणारा व्यावसायिक आहे. शब्द एकच, अधिकार वेगळा.

पण अमेरिकेच्या या गोष्टीला एक किंमत आहे, ती लपवू नये. कॅलिफोर्नियात १९६१-६२ साली दोन्ही संघटनांनी समेट केला. ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजचे साध्या मेडिकल कॉलेजात रूपांतर झाले आणि सुमारे दोन हजार डीओंना ६५ डॉलर भरून एमडी पदवी घेता आली. एका रात्रीत माणूस तोच, ज्ञान तेच, अक्षरे बदलली! यातून दोन्ही बाजूंचे पितळ उघडे पडले. हे जर ६५ डॉलरमध्ये एमडी होतात, तर इतकी वर्षे त्यांना भोंदू कशाच्या जोरावर म्हणत होता? आणि हे जर इतक्या सहजी एमडी होतात, तर वेगळेपण राहिले कुठे? उरलेल्या डीओंनी हा समेट इतर राज्यांत होऊ दिला नाही, आणि १९७४ साली न्यायालयाच्या निर्णयाने कॅलिफोर्नियातही डीओंची नोंदणी पुन्हा खुली झाली. तरी प्रश्न उरतोच. आजचे कितीतरी डीओ व्यवहारात हाताचे उपचार फारसे करत नाहीत. पात्रता आणि हक्क जुळले, पण ज्यासाठी वेगळी वाट काढली होती ती गोष्ट पातळ झाली.

आता परत येऊ. आपल्याकडेही समेटाचा प्रयत्न झाला होता, आणि तोही जवळपास त्याच वर्षांत. स्वातंत्र्याच्या सुमारास कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने दोन्ही वैद्यकांचा समन्वय करावा अशी शिफारस १९४८ साली केली. आपल्याकडच्या आयुर्वेद महाविद्यालयांत मिश्र अभ्यासक्रम चाललाच होता. जीएफएएमसारखी पदवी घेतलेले जुने डॉक्टर आपल्यापैकी काहींना आठवत असतील. नाडीही बघायचे आणि स्टेथोस्कोपही लावायचे. पण विद्यार्थ्यांच्या मनात सल होता. शिक्षण अर्धे-अर्धे, पगार कमी, मान कमी. देशभर अशा कॉलेजांत संप होऊ लागले, मागणी एकच : आम्हाला एमबीबीएस द्या. मद्रासला किल्पॉकचे देशी वैद्यकाचे कॉलेज १९६० साली सरळ साधे मेडिकल कॉलेज झाले. कॅलिफोर्निया आणि किल्पॉक, दोन वर्षांचे अंतर. दोन्हीकडे धाकट्या भावाचे घर मोठ्या घरात विलीन झाले.

यावर दुसऱ्या बाजूने उत्तर आले ते 'शुद्ध आयुर्वेद'. मिश्रण केले की आयुर्वेद बुडतो, तेव्हा मिश्रण नको. पंडित शिव शर्मा यांनी ही बाजू हिरिरीने मांडली, मोरारजी देसाईंसारख्या नेत्यांचे तिला पाठबळ होते. मुंबई राज्यात शुद्ध अभ्यासक्रम निघाला, १९६३ साली व्यास समितीने देशासाठी तीच शिफारस केली. १९७० साली केंद्राचा कायदा झाला, स्वतंत्र परिषद आली, आणि पुढे देशभर बीएएमएस ही एकच पदवी स्थिर झाली.

तत्त्वज्ञानाच्या अंगाने बघितले तर शुद्धवाद्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. ऑस्टिओपॅथीला औषधशास्त्र पोटात घेता आले, कारण तिच्याकडे शरीराचे वेगळे शास्त्र नव्हते. शरीररचना तीच, शरीरक्रिया तीच, उपचारावर भर वेगळा. आयुर्वेदाची गोष्ट तशी नाही. दोष, धातू, मल, प्रकृती, अग्नी ही त्याची स्वतःची चौकट आहे. वात म्हणजे नर्व्हस सिस्टीम, असे एका ओळीत भाषांतर केले की दोघांचाही घात होतो. दोन चौकटी एका डोक्यात शेजारी ठेवता येतात, पण रुग्ण समोर आला की निर्णय एकीतूनच घ्यावा लागतो. कोणत्या? याचे उत्तर मिश्र अभ्यासक्रमाने कधी दिले नाही.

पण शुद्धवाद्यांनीही एक गोष्ट गृहीत धरली, की शुद्ध शिकलेला विद्यार्थी बाहेर पडून शुद्ध व्यवसाय करील. तसे झाले नाही. गावात डॉक्टर हवा होता. ताप आला, जुलाब झाले, विंचू चावला, तर लोकांना लगेच गुण हवा होता आणि एमबीबीएस शहर सोडायला तयार नव्हता. बीएएमएस झालेला मुलगा किंवा मुलगी तालुक्याच्या गावी बसली, इंजेक्शन देऊ लागली, सलाईन लावू लागली. एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्यात दोन-तीन वर्षे हाताखाली राहून ती हे शिकली. म्हणजे बघा, आपण जी गुरुगृहाची पद्धत मोडीत निघाली म्हणतो, ती निघाली नव्हतीच. वैद्याने आयुर्वेद कॉलेजात शिकायचा आणि ॲलोपॅथी गुरूच्या घरी, असा उलटा प्रकार झाला.

या लोकांनी केलेले काम कमी लेखण्याचे पाप आपण करू नये. रायगडच्या, नाशिकच्या, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर रात्री दार उघडणारा डॉक्टर अनेकदा बीएएमएसच असतो. १०८ च्या रुग्णवाहिकेतला डॉक्टर बीएएमएस असणे सर्रास आहे. सरकारला हे ठाऊक आहे, म्हणूनच कायदा एकीकडे आणि व्यवहार दुसरीकडे, अशी कसरत चालू राहिली. औषधविषयक नियमांत एक पोटकलम आहे. राज्याने जाहीर केले तर आयुर्वेदाच्या नोंदणीकृत डॉक्टरला आधुनिक औषधे लिहून देता येतात. महाराष्ट्राने १९९० च्या दशकात अशा अधिसूचना काढल्या. न्यायालयांनी मात्र प्रत्येक वेळी मूळ प्रश्न विचारला. मुंबईच्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला; १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात तो खटला निकाली निघाला, तेव्हा न्यायालय म्हणाले की जी पद्धत शिकला नाहीत ती वापरणे हाच निष्काळजीपणा. १९९८ साली त्याच न्यायालयाने ते पोटकलम वैध ठरवले, पण हक्काचा उगम राज्याच्या कायद्यात असला पाहिजे, असे बजावले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी वर्षभराच्या आधुनिक औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमाची वाट काढली. २०२० मध्ये आयुर्वेदाच्या शल्य आणि शालाक्य शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी निघाली, आणि डॉक्टरांच्या संघटनेने देशभर निषेध केला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात सांगितले, की आयुर्वेदाच्या डॉक्टरांचे महत्त्व मान्य, पण काम सारखे नाही, म्हणून समान वेतनाचा दावा मान्य नाही.

या सगळ्या निकालांत आणि अधिसूचनांत आपला सुरुवातीचा शब्द दिसतो का? अधिकार. अमेरिकेने आधी पात्रता सारखी केली, मग हक्क सारखा दिला. आपण हक्क अधिसूचनेने देत गेलो आणि पात्रता ज्याची त्याने कमवावी, असे सोडून दिले. सुश्रुताचा क्रम उलटा झाला : राजाची परवानगी आधी, सराव नंतर. आणि तो सराव भोपळ्यावर नाही होत. तो माणसावर होतो, बहुधा गरीब माणसावर.

मग मार्ग काय? दोन प्रामाणिक मार्ग दिसतात. एक, ज्याला आधुनिक औषधे वापरायची आहेत त्याला त्या विषयापुरती तरी तीच परीक्षा, तेच प्रशिक्षण, त्याच पर्यवेक्षणाखाली द्या. वर्षभराची घाईघाईची पट्टी नको. २०१७ च्या राष्ट्रीय आयोगाच्या विधेयकात अशा सेतू-अभ्यासक्रमाची तरतूद होती, विरोधामुळे ती सक्ती गळून पडली. पण तिच्यामागचा प्रश्न काही गळून पडलेला नाही. दुसरा मार्ग, ज्याला आयुर्वेदच करायचा आहे त्याला तो नीट करता येईल अशी रुग्णालये, संशोधन आणि प्रतिष्ठा द्या, आणि त्याच्या औषधांनाही आधुनिक औषधांइतक्याच कसोट्या लावा. कसोटीला घाबरणारे शास्त्र अपमान टाळते, पण वाढत नाही. भाऊ दाजी कसोटीला घाबरले नव्हते.

आणि ज्या घरात आज हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांना आपण चार प्रश्न विचारू. या मुलीला आयुर्वेद शिकायचा आहे, की एमबीबीएस हुकले म्हणून ती जाते आहे? पाच वर्षांनी ती जी औषधे लिहिणार आहे, ती या कॉलेजात तिला कुणी शिकवणार आहे का? कॉलेजच्या रुग्णालयात खाटांवर खरोखर रुग्ण आहेत का; तपासणीच्या दिवशी नव्हे, एखाद्या साध्या मंगळवारी? आणि उद्या एखादा रुग्ण आपल्या आवाक्याबाहेरचा आहे हे ओळखून त्याला पुढे पाठवण्याचे धैर्य तिथे शिकवतात का? अमेरिकेतल्या नातवालाही हेच चार प्रश्न लागू आहेत. त्याचे उत्तर सोपे आहे, कारण त्याच्या देशाने दोन्ही वाटा पुढे एका रस्त्याला आणून सोडल्या. तिथे निवड शाळेची आहे. इथे निवड एका आयुष्यभराच्या वादाची आहे, आणि अठरा वर्षांच्या पोरीला तो वाद कुणी सांगितलेला नसतो.

१९०८ साली याच गावात जमलेल्या वैद्यांना पाठ्यक्रम हवा होता, परीक्षा हवी होती, पदवी हवी होती. त्यांना ते सगळे मिळाले. त्यांना ते कशासाठी हवे होते? आपल्याकडे येणाऱ्या रोग्याने निर्धास्त हात पुढे करावा, यासाठी. पदवी कुठल्या वहीतली, हे रोगी विचारत नाही. तो हात पुढे करतो. तो हात धरणाऱ्याची पात्रता कुणी तपासली आहे का, हा प्रश्न मात्र आपण सगळ्यांनी विचारायला हवा. निवडणुकीत, न्यायालयात, आणि प्रवेशाचा अर्ज भरतानाही.

आता प्रश्न घेऊ.